ऋतूप्रमाणे ताट

महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस स्वयंपाकाविषयी काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. हाच प्रश्न माझ्या घरीही निघाला. "तुम्ही? आणि स्वयंपाकावर?" एवढेच आमच्या सौ. म्हणाल्या आणि हसू आवरायला आत निघून गेल्या. त्यांचे हसणे रास्त आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत चहा आणि उकडलेले अंडे यांपलीकडे माझी मजल नव्हती. तेव्हा आज मी बोलणार आहे ते पाककुशल माणूस म्हणून नव्हे, तर उशिरा शहाणा झालेला एक विद्यार्थी म्हणून.

आधी आमच्या गावाविषयी थोडे सांगतो. वसई रोड स्टेशनावर उतरून पश्चिमेला किल्ल्याच्या दिशेने निघाले की वाटेत आमचे सांडोर लागते. हा सगळा वाड्यांचा मुलूख. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांवर इथली घरे उभी राहिली. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या वसईच्या भाजीवाल्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. माझी आजी त्यांच्यातलीच एक. आमची वाडी आता पाच गुंठ्यांची उरली आहे, पण तिच्यात विहीर आहे, केळीची बेटे आहेत, आणि कुंपणालगत अळू आपले आपण उगवते.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या पावसात माझी आई ओटीवर घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लास्टर. त्याच उन्हाळ्यात माझ्या रक्ताची तपासणी झाली होती आणि साखर सीमारेषेवर येऊन ठेपली होती. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि आठाच्या आत उरका." घरात वाटणी झाली. सौ. शाळेत शिकवतात, सकाळचा स्वयंपाक त्यांनी करायचा आणि रात्रीचा मी व माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने.

मी शिकलेला माणूस. दुकानात गेलो आणि परदेशी धान्याचे डबे, बाटलीतले कसलेसे सॅलडचे पाणी, बर्फात ठेवलेली फळे अशी पिशवी भरून आणली. आई खुर्चीत बसून पाहत होती. काही बोलली नाही. चार दिवसांनी मात्र तिने विचारले, "अरे, हलकं म्हणजे काय समजतोस तू?" मी उष्मांक वगैरे सांगू लागलो. ती म्हणाली, "जे खाऊन रात्री झोप लागते आणि सकाळी भूक लागते, ते हलकं. जा, वाडीतून केळीचं एक पान काढून आण."

त्या पानापासून माझे शिक्षण सुरू झाले.

पहिला धडा पानगीचा. कोकणपट्टीत हा पदार्थ घरोघर होता; आता पुष्कळ घरांत त्याचे नावच तेवढे उरले आहे. एक वाटी तांदळाचे पीठ, पाव वाटी खवलेला ओला नारळ, चवीपुरते मीठ, चमचाभर तूप. हे सारे साधारण वाटीभर ताकात कालवायचे. पीठ इडलीच्या पिठाएवढे सैल हवे. पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. केळीच्या पानाचे वीतभर तुकडे करावेत, तूप लावावे, वर पीठ हाताने पातळ पसरावे आणि दुसरे पान पालथे घालावे. तापलेल्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजावे. खालचे पान करपून तपकिरी झाले की उलटावे.

ही प्रमाणे मी सहज सांगितली खरी, पण ती मिळवताना माझी पुरेवाट झाली. आईला विचारले, "पीठ किती?" ती म्हणाली, "अंदाजाने." "ताक किती?" "मावेल तितकं." अखेरीस मुलीने युक्ती काढली. आजीने डाव्या हाताने घालायचे आणि घालण्याआधी ते मुलीच्या वाटीत पडायचे. मुलगी मोजायची आणि वहीत लिहायची. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याचे प्रमाण मराठी घरांत रुळले. आमच्या घरातली 'रुचिरा' अशी एका मोडलेल्या मनगटापायी सुरू झाली. ते मनगट मोडले नसते तर हे सारे ज्ञान आईच्या हातातच राहिले असते, आणि तिच्याबरोबरच गेले असते. हा विचार त्या दिवशी प्रथम मनात आला आणि, खरे सांगतो, पोटात गलबलले.

पावसाळ्यात आमच्याकडचे ताट का बदलते, याची कारणे साधी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींची मासेमारी बंद असते. मासळी अंडी घालते तो हा काळ, समुद्रही खवळलेला. त्यामुळे ताजे मासे बाजारात दुर्मिळ होतात. ज्यांना हवे ते सुकट, सुके बोंबील काढतात. पण त्याच वेळी पूर्वेकडच्या तुंगारेश्वराच्या डोंगरातून आदिवासी बाया रानभाज्यांच्या जुड्या घेऊन वसई-विरारच्या बाजारांत येतात. निसर्गाने एक हात आखडता घेतला की दुसरा सैल सोडला, असे समजा.

रानभाज्यांत पहिला मान शेवळांचा. ती पहिल्या सरींबरोबर येतात आणि थोड्याच दिवसांत संपतात. जांभळट कोंबासारखी दिसतात. वरचे आवरण काढायचे, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून द्यायचा आणि उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे. शेवळे घशाला खाजतात, कारण त्यांत सुईसारखे बारीक क्षार असतात. म्हणून बाजारात शेवळांबरोबर काकडे नावाची आंबट तुरट फळे मिळतात. त्यांचा रस भाजीत घालतात. काकडे न मिळाली तर चिंच किंवा आमसूल सढळ हाताने घालावे. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. रानातली भाजी जाणत्या माणसाकडूनच घ्यावी. चित्र पाहून कुंपणावरचे पान तोडून खाऊ नये.

त्याहून सोपा टाकळा. पहिल्या पावसात तो रस्त्याच्या कडेलाही उगवतो, पण गटाराकाठचा घेऊ नये. कोवळी पाने तेवढी खुडायची. दोन पळ्या तेलात पाच-सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या, दोन मिरच्या आणि एक चिरलेला कांदा परतायचा. मग धुऊन चिरलेला पाला. पाणी मुळीच घालायचे नाही. पाल्याला स्वतःचे पाणी सुटते. झाकण ठेवून सात-आठ मिनिटे, वर मूठभर ओले खोबरे. मीठ कधी घालायचे? सगळ्यात शेवटी! मी पहिल्या दिवशी आधी घातले. पातेलेभर पाला शिजून मूठभर झाला आणि भाजी समुद्राच्या पाण्यासारखी झाली. मुलीने वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे.

टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी आणि वाटीभर ताक. रात्रीला आणखी काही लागत नाही. ज्या दिवशी भाकरी थापण्याचा कंटाळा येईल त्या दिवशी पेज करावी. एक वाटी उकडे तांदूळ, आठ वाट्या पाणी, मीठ. मंद आचेवर तांदूळ फुटेपर्यंत शिजवायचे. पेजेबरोबर भाजलेला पापड आणि दोडक्याच्या शिरांची चटणी. दोडके सोलताना ज्या शिरा आपण फेकून देतो त्याच थोड्या तेलावर कुरकुरीत परतायच्या आणि तीळ, सुके खोबरे, मिरची, मीठ घालून कुटायच्या. भाजी दोडक्याची, चटणीही दोडक्याची, आणि टाकायला काही उरत नाही. जुन्या बायकांची काटकसर अशी चवदार होती.

मग श्रावण येतो. ज्यांच्या घरी श्रावण पाळतात त्यांचे ताट हलके होते. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांत वसंतात चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ येतो, तेव्हा त्यांचे ताट हलके होते. धर्म वेगळे, पण वर्षातून काही दिवस पोटाला विसावा द्यावा ही समजूत एकच. शेजारशेजारच्या घरांत केळफुलाची भाजी दोन्ही वेळांना शिजताना मी लहानपणापासून पाहिली आहे.

केळफुलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पुष्कळ सुगरणीही त्याला भितात, ते निवडण्याच्या कंटाळ्याने. जांभळी पाने एकेक काढत जायची. प्रत्येक पानाखाली फुलांची फणी असते. प्रत्येक फुलातला टणक दांडा आणि त्याच्या बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा काढून टाकायचा, कारण हे दोन्ही शिजत नाहीत. हाताला आधी तेल लावावे, म्हणजे चीक काळा डाग पाडत नाही. चिरलेले फूल ताक घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवले की तुरटपणा उतरतो. दुसऱ्या दिवशी पिळून काढावे आणि भिजवलेले वाल किंवा हरभरे घालून, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर शिजवावे. गुळाचा खडा आणि ओले खोबरे विसरू नये. निवडायला अर्धा तास लागतो हे खरे. पण त्या अर्ध्या तासात माझी मुलगी आणि तिची आजी जितक्या गप्पा मारतात, तितक्या एरवी आठवड्यात होत नाहीत.

थंडी पडली की आमच्याकडे वालपापडी येते. वसईजवळ पापडी नावाचे गाव आहे, तिथल्या बाजारात "पापडी कशी दिली?" असे विचारले की पाहुणे गोंधळतात. थंडीचा आमचा खास पदार्थ उकडहंडी. वसईपासून डहाणूपर्यंत ती होते. गुजरातेतल्या उंधियूची ती बहीण म्हणा, आणि रायगडातल्या पोपटीची मावसबहीण. पोपटीत मडके भांबुर्ड्याच्या पाल्याने भरून शेतात जाळावर उलटे लावतात. उकडहंडी चुलीवर घरातच होते.

चार माणसांसाठी पाव किलो वालपापडी, एक मध्यम कोनफळ, दोन रताळी, दोन कच्ची केळी, चार लहान वांगी. ओली मिरची, आले, हिरव्या लसणीची पात, कोथिंबीर आणि ओले खोबरे यांचे वाटण करावे. त्यात चमचाभर ओवा चुरडून घालावा. वाटण आणि मीठ सगळ्या भाज्यांना चोळावे. जाड बुडाच्या हंडीत तीन पळ्या तेल, मग तळाशी कोनफळ आणि रताळे, वर केळी व वांगी, सर्वांत वर पापडी. तोंडावर केळीचे पान, पानावर खोलगट झाकण, आणि झाकणात पाणी. या पाण्याची मेख मला फार उशिरा कळली. झाकण गार राहते, आतली वाफ त्याला लागून थेंब होते आणि परत खाली पडते. म्हणून बाहेरून पाणी न घालताही भाजी लागत नाही. मंद आचेवर सुमारे चाळीस मिनिटे. मध्ये चमचा घालायचा नाही. हंडी दोन्ही कानांनी धरून हलवायची. जुन्या पद्धतीत तेल सढळ असते, आम्ही ते निम्म्यावर आणले. चव गेली का? आईच्या मते "थोडी गेली". माझ्या मते नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

उन्हाळ्यात तर चुलीपाशी उभे राहायलाच नको वाटते. तेव्हा कच्चे आणि गार तेच ताटात यावे. काकडी कोचून तिच्यात दाण्याचे कूट, लिंबू, मीठ आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. कैरी उकडून गर काढावा, गराच्या दुप्पट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ; पाण्यात कालवले की पन्हे झाले. माझ्यासारख्या साखरेच्या माणसाने मात्र पन्ह्याकडे प्रेमाने पाहावे आणि ताकाकडे वळावे! बाजारात ताडगोळे येतात ते सोलून नुसते खावेत. संध्याकाळी दहीभात, बरोबर कैरीची डाळ. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची आणि किसलेली कैरी, खोबरे, फोडणी घालायची, एवढेच. डाळ कच्ची असते, म्हणून रात्री उशिरा आणि पोटभर खाऊ नये.

आता थोडे शास्त्र. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे त्यांत सांगितले आहे. आपण रात्री पोळीच्या कडेला जी चमचाभर भाजी घेतो तिच्याशी हा आकडा ताडून पाहा. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातले क जीवनसत्त्व कमी होऊ लागते आणि उन्हात, उकाड्यात ते आणखी लवकर जाते. भाजी उकळून पाणी ओतून दिले तर उरलेसुरले त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. मटार तोडल्यावर त्यातल्या साखरेचे हळूहळू पिठात रूपांतर होते, म्हणून शिळा मटार गोड लागत नाही. सकाळी खुडावे, संध्याकाळपर्यंत शिजवावे, थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, ही आईची रीत त्या पुस्तकाशी तंतोतंत जुळते. आईने पुस्तक वाचलेले नाही.

पण श्रोतेहो, ताजे खावे हे सांगणे सोपे आहे; ताजे कुठून येणार हा खरा प्रश्न आहे. आमच्या विहिरींवर पूर्वी बैलांचे रहाट होते. रहाट चाले तेवढेच पाणी निघे. मग इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि वाढत्या शहराची तहान भागवायला टँकर विहिरींच्या तोंडाशी उभे राहिले. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी वर आणि खारे पाणी खाली असते. गोडे उपसत गेले की खारे वर सरकते. विहीर खारी झाली की पहिली पानवेल जाते, मग केळ, मग भाजी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले ते याच पाण्यासाठी आणि या हिरव्या पट्ट्यासाठी. त्या वेळी मी शाळकरी पोर होतो. मोर्चा म्हणजे काय ते कळत नव्हते, पण आजी त्या दिवशी टोपली घरी ठेवून गेली होती एवढे आठवते.

मागच्या वर्षी आमच्याही पाच गुंठ्यांना गिऱ्हाईक आले. रक्कम ऐकून माझे मन डळमळले, हे कबूल करतो. मुलीचे शिक्षण आहे, घराचे छप्पर आहे. आईला विचारले तर ती म्हणाली, "तुझं आहे, तू ठरव. मला फक्त एवढंच सांग, उद्या पान कुठून आणशील?" मी म्हणालो, "बाजारात मिळतं." ती म्हणाली, "बाजारात तरी ते कुणाच्या वाडीतूनच येतं ना?" या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. अजून व्यवहार केलेला नाही. पुढेही करणार नाही अशी प्रतिज्ञा इथे आकाशवाणीवरून करण्याइतका मी धीट नाही. पण एवढे समजले आहे की ज्या भाजीला स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही, ती वाडीत कोणी लावत नाही. टाकळा, शेवळे, केळफूल, कोनफळ यांना आपण विसरलो तर ती पिकवणारी आणि डोंगरातून आणणारी माणसेही तो उद्योग सोडतील.

आपण शहरात राहत असाल, वाडी नसेल. हरकत नाही. एक मात्र करावे. घरात, शेजारी, गावाकडे जी कोणी वयस्कर बाई किंवा बुवा असतील त्यांच्यापाशी येत्या रविवारी बसावे आणि या ऋतूतला त्यांचा एक साधा पदार्थ करून घ्यावा. त्या "अंदाजाने" म्हणतील. तेव्हा आपली वाटी पुढे करावी आणि मोजून लिहावे. मनगट मोडण्याची वाट पाहू नये.

माझी साखर आता आटोक्यात आहे. त्यात औषधाचा, रोजच्या चालण्याचा आणि पेजेचा वाटा किती, हे मी सांगू शकणार नाही. आईचे प्लास्टर केव्हाच निघाले, पण मनगट पहिल्यासारखे वळत नाही आणि तिला भाकरी थापता येत नाही. त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडेच राहिला आहे. परवा मुलीने एकटीने पानगी केली. आई ओटीवर होती. पान करपल्याचा वास आला तशी तिने तिथूनच विचारले, "बाय, पान सुटलं का गं?" पानगी झाली की पान आपोआप सुटते, ओढावे लागत नाही. आतून उत्तर आले, "सुटलं, आजी."

आई उठली नाही. तिथेच ताटाची वाट पाहत बसून राहिली.